पाणी आणि ॲसिटोन यांच्या मिश्रणांचा परावैद्युत स्थिरांक: नागपुरात घरी केलेल्या मापनाच्या नोंदी

२ मार्च

पदवीच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांत परावैद्युत स्थिरांक मोजायचा म्हणजे काचेची किंवा बेकलाइटची चकती दोन पट्ट्यांमध्ये धरायची आणि एक आकडा लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत मी गेली कित्येक वर्षे शिकवत आलो आहे. पट्ट्यांमध्ये तो पदार्थ भरल्यावर त्यांचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, हवेच्या तुलनेत जितक्या पट होते तो हा स्थिरांक. द्रवांचे मापन यापेक्षा पुष्कळच अधिक शिकवणारे आहे, कारण पाण्यात एखादा सेंद्रिय द्रावक थोडाथोडा मिसळत गेले की हा स्थिरांक ७८ पासून २० पर्यंत उतरताना प्रत्यक्ष दिसतो, आणि मीठ त्या मिश्रणात का विरघळेनासे होते हेही त्याच उतरणीवरून समजते. कमी खर्चात हे मापन उभे करता येते का, हे पाहण्यासाठी उन्हाळ्यापूर्वी काम सुरू करत आहे. दुसऱ्या कोणाला हेच करायचे असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे वाचावेत म्हणून चुकांसकट नोंदी ठेवणार आहे.

द्रावक कोणता घ्यायचा हे आधी ठरवले. इथेनॉल सर्वांत सोयीचे असले तरी त्यासाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे घरच्या कामात त्याचा विचारच केला नाही. डायॉक्झेनचा स्थिरांक २.२ इतकाच असल्याने त्याची पाण्याबरोबरची मिश्रणे अभ्यासकांना प्रिय आहेत, पण त्यात साठवणीत पेरॉक्साइड तयार होतात आणि कर्करोगाच्या दृष्टीनेही तो संशयित आहे, म्हणून तोही बाजूला ठेवला. ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हे दोन उरले. ॲसिटोनच्या मिश्रणांचे जुने, विश्वसनीय आकडे उपलब्ध आहेत. ओकरलोफ यांनी १९३२ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली सारणी आजही वापरली जाते. तुलना तिच्याशीच करायची असे ठरवले.

८ मार्च

सेलची, म्हणजे द्रव भरून मोजण्याच्या भांड्याची, रचना साधी ठेवली आहे. स्टेनलेस स्टीलची एक नळी आणि तिच्या मधोमध स्टेनलेस स्टीलचाच भरीव दांडा, एवढाच हा कॅपॅसिटर आहे. इतवारीतून २५ मिमी बाहेरील व्यासाची आणि दीड मिमी जाडीची नळी घेतली, म्हणजे आतला व्यास २२ मिमी झाला. दांडा १६ मिमीचा घेतला. दोघांमध्ये सर्व बाजूंनी ३ मिमी जागा राहते आणि ८० मिमी लांबीत सुमारे १४ मिलीलिटर द्रव मावतो. सूत्राप्रमाणे रिकाम्या सेलचा कपॅसिटन्स १४ पिकोफॅरड येतो, म्हणजे पाणी भरल्यावर तो ११०० च्या आसपास जाईल. हे दोन्ही आकडे हातातल्या एलसीआर मीटरच्या (कपॅसिटन्स आणि रोध मोजणाऱ्या यंत्राच्या) आवाक्यातले आहेत. मीटर १०० हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत पाच वारंवारतांवर मोजतो आणि सगळ्या खर्चातला मोठा वाटा त्याचाच, ८,९०० रुपयांचा आहे.

जागा जास्त अरुंद ठेवली असती तर कपॅसिटन्स वाढला असता हे खरे, पण दांडा अर्धा मिमी तिरका बसला तरी त्याची चूक मोठी झाली असती. ३ मिमीचा निर्णय पुढे योग्य ठरला.

१५ मार्च

पहिला सेल वाया गेला. पाट्या तयार करणाऱ्याकडून ॲक्रिलिकच्या दोन चकत्या कापून आणल्या होत्या, एक तळाला आणि एक वर, आणि त्या दांड्यावर नीट बसल्याही होत्या. पाणी भरून पाहिले तेव्हा सर्व ठीक होते, त्यामुळे उत्साहाने ॲसिटोन भरले. दहा मिनिटांत खालची चकती दुधाळ झाली, नंतर तिच्यावर केसासारख्या बारीक चिरा पडल्या आणि अर्ध्या तासाने दांडा एका बाजूला कलला. चकती बोटाने दाबली तेव्हा ती साबणाच्या ओल्या वडीसारखी लागली. ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवते हे मला माहीत होते, वर्गात ते सांगितलेलेही आहे, परंतु हाताशी चकत्या होत्या म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. १५० रुपये आणि एक रविवार गेला.

२२ मार्च

टेफ्लॉनकडे जाण्याआधी स्वस्तातला एक मार्ग करून पाहिला आणि तोही फसला. नळीच्या तळाला धातूचीच टोपी लावायची आणि दांडा रबरी ओ-रिंगमध्ये अडकवून वेगळा ठेवायचा, असा तो विचार होता. साधी काळी नायट्राइल रिंग ॲसिटोनमध्ये रात्रभरात फुगून खाचेच्या बाहेर आली. दुकानदाराने मग ईपीडीएमची रिंग दिली, ती ॲसिटोनमध्ये तशीच्या तशी राहिली. पण अंशांकनासाठी, म्हणजे स्थिरांक ठाऊक असलेल्या द्रवावर सेल ताडून घेण्यासाठी, टोल्युइन भरताच तीही फुगली. ॲसिटोन सहन करणारे रबर टोल्युइन सहन करत नाही आणि टोल्युइनमध्ये थोडीफार टिकणारी रिंग ॲसिटोनमध्ये टिकत नाही, हे दोन दिवस घालवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ज्यांना दोन्ही द्रव वापरायचे आहेत त्यांनी रबराचा विचार सोडून द्यावा.

५ एप्रिल

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टेफ्लॉनच्या दांड्यातून दोन बुचे लेथवर कातून घेतली. टेफ्लॉन ५२० रुपये, कातण्याची मजुरी ५०० रुपये. बुच नळीत हाताने दाबून घट्ट बसेल एवढे माप ठेवले होते आणि वर्कशॉपमध्येच पाणी भरून पाहिले, थेंबही गळला नाही. तुलनेचे आकडे २५ अंशांचे आहेत, म्हणून घरी आणून सेल २५ अंशांच्या पाण्यात उभा केला आणि वीस मिनिटांत आतले ॲसिटोन बाहेरच्या पाण्यात झिरपू लागले. बाहेर काढून पुसला, उन्हात ठेवला, पुन्हा भरला तर गळती बंद. पुन्हा थंड पाण्यात ठेवला की गळती सुरू.

९ एप्रिल

गळणारा सेल घेऊन परत त्याच वर्कशॉपमध्ये गेलो. लेथवाल्या काकांनी बुच हातात फिरवून पाहिले आणि लगेच विचारले, "सर, हे तुम्ही थंडात ठेवता का?" मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग गळणारच. टेफ्लॉन लोखंडासारखं नाही राहत. दुपारी कातलं तेव्हा फुगलेलं होतं, थंड झालं की आकसते. स्टील काही तेवढं आकसत नाही."

घरी येऊन हिशेब केला तो त्यांच्या बोलण्याशी जुळला. टेफ्लॉनचे प्रसरण स्टीलच्या सहा-सात पट असते. पत्र्याच्या छपराखाली ४२ अंशांना कातलेले २२ मिमीचे बुच २५ अंशांवर आले की व्यासात स्टीलपेक्षा सुमारे ०.०४ मिमी अधिक आकसते, आणि ॲसिटोनसारख्या पातळ द्रवाला तेवढी फट पुरते. बुचावर दोन खाचा पाडून घेतल्या (२०० रुपये), त्यांत नळकाम करणारे वापरतात ती टेफ्लॉनची पांढरी टेप सात-आठ वेढे घट्ट गुंडाळली आणि सेल थंड पाण्यात ठेवून, थंड असतानाच बुच पुन्हा एकदा दाबून बसवले. त्यानंतर गळती झालेली नाही. नागपुरात उन्हाळ्यात टेफ्लॉन कातून घेणाऱ्याने माप थंड करून तपासावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

१२ एप्रिल

अंशांकन केले. रिकामा, कोरडा सेल १९.९ पिकोफॅरड दाखवतो. यात सेलचा स्वतःचा वाटा किती आणि तारा, चिमटे, टेफ्लॉन यांचा किती हे एका मापनातून कळत नाही, त्यासाठी स्थिरांक ठाऊक असलेला दुसरा द्रव लागतो. टोल्युइन भरल्यावर ३९.९ आले. हवेचा स्थिरांक १ आणि टोल्युइनचा २.३७ धरला तर दोन्हींवरून सेलचा वाटा प्रत्येक एककामागे १४.६ पिकोफॅरड आणि परका, न बदलणारा वाटा ५.३ पिकोफॅरड निघतो. यापुढे प्रत्येक मापनातून आधी ५.३ वजा करायचे आणि १४.६ ने भागायचे.

तारा हलल्या तर हा ५.३ चा आकडा बदलतो. चिमटे सहा इंची तारांवर लोंबत असताना तो ४.६ ते ६.१ असा फिरत होता; तारा अर्ध्या करून लाकडी पट्टीवर बांधून टाकल्या तेव्हा स्थिरावला. मीटरचे कोणते टोक नळीला लावायचे हेही एकदाच ठरवून त्यावर खूण करावी, कारण टोके उलटी लावली की बाहेरच्या पाण्याचा प्रभाव शिरतो आणि दोन-तीन पिकोफॅरडचा फरक पडतो. पाण्याच्या मापनात तो जाणवत नाही, टोल्युइनच्या मापनात मात्र सगळे बिघडवतो.

१४ एप्रिल

सुट्टीचा दिवस म्हणून पाण्याचे पहिले मापन हाती घेतले. बॅटरीत घालण्याचे पाच लिटर पाणी ९० रुपयांना आणले होते, कॅनवर 'डिस्टिल्ड' असे छापलेले. १ किलोहर्ट्झवर २,६०० पिकोफॅरड आले, म्हणजे स्थिरांक १७८. १०० हर्ट्झवर तर ०.१ मायक्रोफॅरडच्याही वर. हा आकडा खरा असणे शक्य नव्हते. मीटर बिघडला असावा असे वाटून त्याला बाजारातले साधे कॅपॅसिटर लावून तपासले, ते सर्व बरोबर दाखवत होते.

दोष पाण्याचा होता. पाण्यात थोडेही आयन असले की कमी वारंवारतेला ते धातूच्या पृष्ठभागाशी जाऊन साचतात आणि त्या पातळ थराचा प्रचंड कपॅसिटन्स मापनात मिसळतो. वारंवारता वाढवली की आयनांना तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून १०० किलोहर्ट्झखाली पाण्याचे मापन करायचेच नाही, हा नियम घातला. परंतु त्या वारंवारतेलाही या पाण्याचा डी, म्हणजे ऱ्हास गुणांक (द्रवातून वाहून वाया जाणारा प्रवाह साठवणुकीच्या प्रवाहाच्या किती पट आहे ते), ३.२ येत होता आणि एवढ्या ऱ्हासात मीटरच्या कपॅसिटन्सवर विसंबता येत नाही.

यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागली. १०० किलोहर्ट्झला २५ अंशांच्या आसपासच्या पाण्याचा डी ४.३६ ने गुणला की पाण्याची वाहकता मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर या एककात मिळते, त्यासाठी वेगळे यंत्र नको. ३.२ चे १४ झाले. पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएसच्या पेनाने ७ दाखवले होते, आणि असे पेन साधारणपणे वाहकतेच्या निम्मा आकडा दाखवतात, म्हणजे दोन्ही जुळले. गाडीच्या बॅटरीला हे पाणी चालत असेल, या कामाला ते चालत नाही.

२० एप्रिल

एका परिचितांच्या प्रयोगशाळेतून दोनदा ऊर्ध्वपातित केलेले पाणी दोन लिटर मिळाले. डी ०.३६, म्हणजे वाहकता दीडच्या आसपास. याहून फार खाली घरी जाता येणार नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनच शुद्ध पाण्याची वाहकता एकच्या जवळ येते.

आता आकडा बरोबर येईल अशी खात्री होती आणि आला ८५.८. पाण्याचा स्थिरांक २५ अंशांना ७८.४ असतो हे मला पाठ आहे. पुन्हा धुतले, पुन्हा भरले, पुन्हा ८५.८. संपूर्ण सकाळ सेलमध्ये दोष शोधण्यात गेली, तारा नव्याने जोडल्या, अंशांकन दोनदा केले. शेवटी मीटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातली दोन बारीक अक्षरे नजरेस पडली. मीटर 'ऑटो' वर होता आणि त्याने स्वतःहून श्रेणी जोडणीचे मापन निवडले होते.

थोडी वीज वाहू देणारा द्रव म्हणजे एक कॅपॅसिटर आणि त्याला समांतर जोडलेला एक रोध. मीटर जर त्याला श्रेणी जोडणी समजून हिशेब करत असेल तर दाखवलेला कपॅसिटन्स खऱ्यापेक्षा 'एक अधिक डीचा वर्ग' इतक्या पटीने मोठा येतो. डी ०.०१ असेल तर हे कधी लक्षातही येणार नाही. डी ०.३६ असताना ही वाढ १३ टक्के होते. टोल्युइनला आणि हवेला वाहकताच नसल्याने अंशांकनात ही चूक लपून राहिली आणि नेमकी पाण्यात उघडी पडली. बटण दाबून समांतर पद्धत निवडली, १२५८ चे १११३ पिकोफॅरड झाले आणि स्थिरांक ७५.९ आला.

आता तो कमी भरत होता, पण या वेळी उत्तर शोधायला वेळ लागला नाही. सेलमधल्या पाण्यात तापमापक बुडवला तर ३२ अंश होते. पाण्याचा स्थिरांक ३० अंशांना ७६.६ आणि ३५ अंशांना ७४.८ असतो, ३२ ला ७५.९ हेच योग्य उत्तर आहे. हा आकडा वहीत लिहिताना जो आनंद झाला तो महिनाभराच्या कष्टांची भरपाई करणारा होता.

२६ एप्रिल

तापमानाची व्यवस्था केली. थर्मोकोलच्या पेटीत सहा लिटर पाणी, त्यात मत्स्यालयाचा छोटा पंप ढवळण्यासाठी, आणि बर्फाचे तुकडे. टाकीचे पाणी या दिवसांत दुपारी हात लावू देत नाही, म्हणून रात्री माठात भरून ठेवलेले पाणी वापरतो. ते सकाळी २६-२७ अंशांपर्यंत येते आणि बर्फ फारसा लागत नाही. सकाळी साडेपाच ते साडेआठ हीच कामाची वेळ ठेवली. त्या वेळेत ०.२ अंशाच्या आत राहता येते, दुपारी पाच मिनिटेही राहता येत नाही. अंशांकनाची पद्धतही बदलली: हवा आणि टोल्युइन यांच्यातले अंतर लहान असल्याने एक दशांश पिकोफॅरडची चूकही मोठी ठरते, म्हणून आता हवा आणि २५ अंशांचे शुद्ध पाणी (११४९ पिकोफॅरड) हे दोन बिंदू धरतो, आणि टोल्युइन फक्त पडताळ्यासाठी ठेवले आहे.

३ मे

पहिले मिश्रण: पाणी आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे. सारणीप्रमाणे ४८.२ यायला हवे, मला ५२.० मिळाले. मीटर समांतर पद्धतीवर आहे, तापमान २५.१ आहे, डी अगदी लहान आहे, शुद्ध पाण्याचा आकडा बरोबर येतो. तरीही तीन वेळा भरून तीनही वेळा ५२ च्या जवळ.

५ मे

कारण सापडले आणि ते माझ्या भाच्याने दाखवून दिले. सुट्टीत आलेला तो शेजारी बसून माझी वही चाळत होता. त्याने विचारले, "मामा, तुम्ही नळकांड्याने पन्नास-पन्नास मिलीलिटर मोजून घेतलंत. त्या सारणीतले टक्के मिलीलिटरचे आहेत की ग्रॅमचे?"

ते वजनाचे आहेत. ॲसिटोनची घनता ०.७८४ असल्याने मापाने निम्मे-निम्मे घेतले तर वजनाने ॲसिटोन ४४ टक्केच होते. सारणीत ४० टक्क्यांना ५४.६ आणि ५० टक्क्यांना ४८.२ आहे, म्हणजे ४४ ला बरोबर ५२. सेलने पहिल्या दिवसापासून खरे उत्तर दिले होते. शिवाय ही दोन्ही मापे एकत्र केल्यावर १०० मिलीलिटर भरत नाहीत, सुमारे ९६ भरतात, त्यामुळे मापाची टक्केवारी कोणत्या मापाची हाही प्रश्न उरतोच. सराफी काट्यासारखा ५०० ग्रॅमचा, एक शतांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा १,१५० रुपयांना घेतला. यापुढे सर्व मिश्रणे झाकणाच्या बाटलीत थेट काट्यावर तयार करतो, आधी पाणी आणि नंतर ॲसिटोन, आणि प्रत्यक्ष जे वजन पडले तेच वहीत लिहितो.

१० मे

आकडा हळूहळू चढतो. ५० टक्क्यांचे मिश्रण भरल्यावर ४८.४ होते, पंचवीस मिनिटांनी ५०.१ झाले. तापमान स्थिर होते. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते आणि सेलच्या तोंडाशी, पेटीच्या पाण्याच्या वर, हवा ३८ अंशांची होती. ॲसिटोन उडून जात होते आणि मागे पाणी वाढत होते. पावणेदोन एककांची वाढ म्हणजे मिश्रणातले जवळपास तीन टक्के ॲसिटोन कमी झाले. वरच्या बुचाला भरण्यासाठी ठेवलेले छिद्र आता टेफ्लॉनच्याच खिट्टीने बंद करतो आणि सेल पाण्यात आणखी खोल बसवतो, म्हणजे वरचे टोकही थंड राहते. यानंतर अर्ध्या तासात ०.२ पेक्षा जास्त बदल दिसला नाही. तरीही पहिल्या दहा मिनिटांतलाच आकडा धरतो.

याच संदर्भात सुरक्षेचे लिहून ठेवतो. ॲसिटोनची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत पसरते आणि शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. काम गच्चीवरच्या मोकळ्या खोलीत, दोन्ही दारे उघडी ठेवून करतो. कूलर बंद ठेवतो, कारण त्याच्या मोटारीची आणि बटणाची ठिणगी त्या वाफेजवळ नको. घरच्यांना उकाडा सोसावा लागतो, पण यात सवलत घेत नाही.

१७ मे

शुद्ध ॲसिटोन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या बाटलीचा स्थिरांक २३.४ आला, २५ अंशांना तो २०.७ असायला हवा. एवढा फरक म्हणजे त्यात काही टक्के पाणी आहे. पाणी ७८ आणि ॲसिटोन २१ असल्यामुळे द्रावकातले पाणी पकडायला हे मापन फार संवेदनशील आहे, हा एक वेगळाच लाभ. ती बाटली (१६० रुपये) सेल धुण्यासाठी ठेवली आणि रसायनांच्या विक्रेत्याकडून विश्लेषण दर्जाचे ॲसिटोन, ५०० मिलीलिटर, ४१० रुपयांना आणले. सीलबंद बाटलीतून लगेच भरलेल्या नमुन्याला २०.८ आले.

२४ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापाचे नऊ दिवस, उद्यापासून. पहाटे साडेचारला सुरुवात करून सर्व मिश्रणांची मालिका पुरी केली. एक नमुना भरणे, तापमान स्थिर होऊ देणे, मोजणे, रिकामा करून पुढच्याच मिश्रणाने दोनदा खंगाळणे, यास पंधरा-सोळा मिनिटे लागतात. वजनाच्या २० टक्के ॲसिटोनला ६६.७, ४० ला ५४.९, ५० ला ४८.६, ६० ला ४२.१, ८० ला ३०.६, ९० ला २५.२ आणि शुद्ध ॲसिटोनला २०.८ मिळाले. ओकरलोफ यांचे आकडे याच क्रमाने ६७.०, ५४.६, ४८.२, ४१.८, २९.६, २४.० आणि १९.१ असे आहेत.

६० टक्क्यांपर्यंत फरक एक टक्क्याच्या आत आहे. पुढे मात्र माझे आकडे सातत्याने वर जात आहेत, आणि प्रथम मला वाटले की ॲसिटोन पुन्हा ओले झाले. बाटली तीच, दुसऱ्यांदा भरले, तेच आले. मग ध्यानात आले की त्या सारणीतला शुद्ध ॲसिटोनचा १९.१ हा आकडाच आज मान्य असलेल्या २०.७ पेक्षा कमी आहे. ॲसिटोनचे प्रमाण जसे वाढते तसा हा फरक वाढतो, म्हणून त्या टोकाला माझ्या आकड्यांवर मी अधिक विश्वास ठेवतो. जुन्या सारणीचा आदर राखूनही तिची दोन्ही टोके आजच्या मूल्यांशी ताडून पाहावीत. मी ते काम सुरू करण्यापूर्वी करायला हवे होते.

नांदेडच्या आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत अशा मिश्रणांवर टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीने (विजेचा अतिशय लहान स्पंद पाठवून परावर्तित स्पंद तपासण्याच्या पद्धतीने) गिगाहर्ट्झपर्यंत काम झालेले आहे, जिथे पाण्याचे रेणू क्षेत्राबरोबर फिरताना मागे पडू लागतात. पाण्याला त्यासाठी सुमारे ८ पिकोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला रेणूंना फिरायला हवा तेवढा वेळ असतो, म्हणून या साध्या मीटरने मिळतो तो स्थिर क्षेत्राचाच आकडा.

३१ मे

आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले. शुद्ध द्रवाला १९.५ आले, जे बरोबर आहे. मिश्रणांत मात्र तीच बाटली दोनदा भरली तर दोन वेगळे आकडे येऊ लागले, दीड टक्क्यापर्यंत कमी-जास्त. वरचे बुच काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहिले तेव्हा दांड्याला चिकटलेले तिळाएवढे बुडबुडे दिसले, तळापासून वरपर्यंत, ओळीने. पाण्यात विरघळलेली हवा अल्कोहोल मिसळल्यावर बाहेर पडते आणि स्टीलवर बसते. हवेचा स्थिरांक एक असल्याने प्रत्येक बुडबुडा आकडा खाली ओढतो. मिश्रण आदल्या रात्री करून झाकण लावून ठेवणे, भरताना नळीच्या कडेने सावकाश ओतणे आणि भरल्यावर सेलला पेन्सिलने दहा-बारा टिचक्या मारणे, एवढ्याने आकडे पाव टक्क्याच्या आत जुळू लागले. ॲसिटोनच्या मालिकेत हा त्रास झाला नसेल असे नाही, म्हणून २० आणि ४० टक्क्यांची मापने पुन्हा घेतली, ६६.९ आणि ५४.८ आली.

आयसोप्रोपिलचा आलेख ॲसिटोनच्या आलेखापेक्षा सरळ रेषेखाली अधिक वाकलेला आहे, हे चार बिंदूंवरूनही स्पष्ट दिसते.

१४ जून

काल पाऊस पडला आणि आज सकाळी पेटीतून वर काढलेल्या सेलच्या बुचावर दव जमले होते. टेफ्लॉनला पाणी भिजवत नाही, तरी चिमट्याच्या बुंध्याशी ओल धरली आणि रिकाम्या सेलचा आकडा १९.९ वरून २०.७ झाला. केस वाळवण्याच्या यंत्राने सुकवल्यावर पूर्ववत झाला. आर्द्रतेच्या दिवसांत २५ ऐवजी ३० अंशांवर काम करावे लागेल, कारण तेव्हा सेल हवेपेक्षा थंड राहणार नाही. पाण्याचा संदर्भ आकडा मग ७६.६ धरायचा.

खर्च एकूण १४,४१० रुपये झाला. त्यात मीटर ८,९००, वजनकाटा १,१५०, टेफ्लॉन आणि दोन्ही वेळची मजुरी मिळून १,२२०, नळी आणि दांडा ४२०, तापमापक ३५०, पेटी आणि पंप ४३०, बर्फ ३०० आणि बाकी रसायने. ॲक्रिलिक, रबरी रिंगा, बॅटरीचे पाणी, हार्डवेअरचे ॲसिटोन आणि बुचाची दुसरी फेरी हे ६६० रुपये टाळता आले असते. महाविद्यालयात एलसीआर मीटर आणि वजनकाटा असतोच, त्यामुळे तिथे हा खर्च साडेचार हजारांच्या आत बसेल.

आयसोप्रोपिलची ६० आणि ८० टक्क्यांची मिश्रणे बाटल्यांत तयार आहेत, चिठ्ठ्यांवर वजने लिहिली आहेत. उद्या पहाटे ती ३० अंशांवर मोजणार आहे.